जी ताण सोसते, तिला खळ हवी

लूमची पाळी संपवून, दुकानाचं शटर ओढून, पोळ्या उरकून इथे आलेल्या भिवंडीकर बंधू-भगिनींनो,

आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी 'त्वचेचे विकार' असं गुळमुळीत उत्तर दिलं होतं. ते म्हणाले, ''डॉक्टर, नेमकं सांगा, पत्रिकेत छापायचंय.'' मी म्हटलं, ''इसब.'' फोनवर जरा शांतता पसरली. मग ते म्हणाले, ''इथे आजवर इतिहासावर बोलणं झालं, संतांवर झालं, अर्थसंकल्पावर झालं. खाजेवर कोणी बोललं नाही.'' मी म्हटलं, ''खाजवतात मात्र सगळेच.''

ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी पाहिलेलं नाही. पण त्यांच्या एका विद्यार्थ्याने मघाशी चहा घेताना एक आठवण सांगितली. हिवाळ्यात खडूने सरांची बोटं फाटायची. मग ते खडूभोवती रुमालाचं टोक गुंडाळून फळ्यावर लिहायचे. वर्गाला वाटायचं, सर टापटिपीचे आहेत. सर टापटिपीचे असतीलही, पण त्यांची बोटं दुखत होती आणि ते कुणाला सांगत नव्हते. ही आठवण ऐकली आणि विषय चुकलेला नाही याची खात्री झाली.

ज्यांना इसब आहे त्यांनी हात वर करा, असं मी म्हणणार नाही. कारण तो बहुतेकांच्या हातावरच असतो.

आज चार गोष्टी सांगणार आहे. इसब म्हणजे काय, भिवंडीत तो कुठून कुठून येतो, इसबासारखं दिसणारं पण इसब नसलेलं काय असतं, आणि चौथी, त्याच्याबरोबर राहायचं कसं. चौथीला वेळ जास्त देईन, कारण तुम्ही त्यासाठीच आला आहात.

आता पहिली गोष्ट. आपल्याकडे 'इसब' म्हणतात, डॉक्टर 'एक्झिमा' म्हणतात, जुने वैद्य 'विचर्चिका' म्हणत. 'एक्झिमा' हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ उकळून वर येणं. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: उतू जाणं. गॅसवर दूध ठेवून आपण दाराशी बोलायला जातो, परत येऊन बघावं तर दूध उतू गेलेलं. इसबाचं अगदी तसंच आहे. आधी लाली, मग बारीक पाणीदार फोड, मग लस, मग खपली. आणि उतू जाणं जुनं झालं की भांड्याला जशी खरवड धरते, तशी कातडी जाड, काळी, खरखरीत होते. कोपराचा आतला भाग, गुडघ्याची मागची बाजू, मानेचा मागचा पट्टा आठवून पाहा.

पण कातडी उतू का जाते? इथे मी डॉक्टरी भाषा सोडून तुमच्या भाषेत बोलतो. चुकलं तर सायझिंगवाले बसले आहेत, त्यांनी थांबवावं.

कापडाला दोन सुतं, ताणा आणि बाणा. बाणा धोट्यातून येतो, इकडून तिकडे जातो, सुटतो. ताणा मात्र बीमवर ताणलेला असतो. लूमच्या प्रत्येक ठोक्याला त्याला ओढ बसते, फणीचं घासणं बसतं. म्हणून ताण्याला सायझिंगमध्ये पाठवतात, खळ लावतात, वाफेच्या गरम सिलिंडरवरून वाळवतात. बाण्याला खळ लावत नाहीत. जे सूत ताण सोसतं, त्यालाच खळ लागते. खळ नसेल तर काय होतं? सुताला लव सुटते, तार तुटते, लूम थांबतं, आणि मग कारागीर दिवसभर विणत नाही, तारा जोडत बसतो.

कातडी म्हणजे शरीराचा ताणा. ऊन, धूळ, साबण, घाम, कपड्याचं घासणं, सगळं ती सोसते. तिचा वरचा थर पेशींचा बनलेला असतो, आणि त्या पेशींच्या मधे निसर्गाने एक खळ भरलेली असते: स्निग्ध पदार्थ, मेणासारखे. ही खळ पाणी आत धरून ठेवते आणि धूळ-जंतू बाहेर ठेवते. काही माणसांमध्ये ही खळ जन्मतःच कमी असते. अशी कातडी पाणी गमावते, कोरडी पडते, तिला सूक्ष्म भेगा पडतात. बाहेरचं आत शिरतं. आत शिरलेल्याला शरीर शत्रू समजतं आणि आग पेटवतं. ती आग म्हणजे इसब.

आता एक गंमत बघा. या खळीशी संबंधित एक महत्त्वाचं जनुक आहे, फिलॅग्रीन नावाच्या प्रथिनाचं. त्यातल्या दोषाचा इसबाशी असलेला संबंध २००६ साली उघड झाला, आणि तो शोध लागला स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात. डंडी कशासाठी प्रसिद्ध होतं? तागाच्या गिरण्यांसाठी! बंगालचा ताग तिथे विणला जायचा. म्हणजे कातडीची वीण कुठे उसवते, हे शोधलं तेही एका मागवाल्या गावाने. हा योगायोगच आहे, पण भिवंडीत सांगण्यासारखा आहे.

सगळ्यांनाच हा दोष असतो असं नाही. पण घराण्यात दमा, सर्दीच्या शिंका आणि इसब हे तीन पाहुणे बरेचदा एकत्र येतात, हे तुम्ही पाहिलं असेल. मुलाला इसब असतो, आत्याला दमा, आजोबांना सकाळी उठल्या उठल्या वीस शिंका. यालाच आम्ही ॲटोपी म्हणतो. असा इसब तान्ह्या बाळाच्या गालांवर सुरू होतो, रांगायला लागल्यावर हातापायांच्या बाहेरच्या बाजूला येतो, शाळेच्या वयात कोपराच्या आणि गुडघ्याच्या खळग्यांत जाऊन बसतो. बहुतेक मुलांत तो पहिल्या पाच वर्षांतच दिसायला लागतो, आणि पुष्कळांचा मोठेपणी मंदावतो. म्हणून आईबापांनी घाबरून जाऊ नये. आणि सुनेच्या बाळंतपणातल्या खाण्यावर खापर फोडू नये. हे शेवटचं वाक्य सासवांसाठी.

दुसरी गोष्ट. भिवंडीत इसब कुठून येतो?

जन्माने खळ कमी असणारे काही, पण जन्माने चांगली असलेली खळ कामाने उतरवून घेणारे या गावात जास्त. डाइंगमध्ये कॉस्टिक, ब्लीच. सायझिंगमध्ये गरम, दमट, चिकट हवा. लूमवर तेल आणि सुताची भुकटी. रांजणोली, माणकोली, पूर्णा, राहनाळच्या गोदामांत दिवसभर पुठ्ठ्याच्या खोक्यांना हात. पुठ्ठा हातातली ओल टिपकागदासारखा ओढून घेतो, हे किती जणांना माहीत आहे? आणि घरात? भांड्यांची पावडर, फरशीचं द्रव, कपड्यांचा सोडा. बाई दिवसातून पंधरा-वीस वेळा हात ओले करते, पण तिच्या हाताच्या इसबाला कुणी कामाचा आजार म्हणत नाही. तिचं काम तरी कुठे कुणी काम म्हणतं?

हा झाला चोळून-घासून, खळ उतरून होणारा इसब. याला चीड म्हणू. दुसरा प्रकार वावड्याचा. इथे पदार्थ थोडासा असला तरी पुरतो, कारण शरीराने त्याच्याशी वैर धरलेलं असतं.

उदाहरणं सांगतो, तुम्ही आपल्या घरात शोधा. खोट्या दागिन्यातलं, पॅन्टच्या बटणातलं निकेल: बेंबीखाली रुपयाएवढा चट्टा. टिकलीचा गोंद: कपाळाच्या मधोमध खाज, आणि पुढे तिथे पांढरा डाग. केसांचा काळा रंग: कानामागे, कपाळाच्या कडेला, पापण्यांना सूज. चपलेच्या पट्ट्यातलं रबर: पावलावर पट्ट्याचीच नक्षी उमटते. सिमेंटमधलं क्रोमियम: गवंड्याचे हात. आणि लसूण! लसूण सोलणारीची कुठली बोटं फाटतात? उजवा हात सुरी धरतो. डावा हात पाकळी धरतो. म्हणून डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. एवढं पाहिलं की स्वयंपाकघरात न जाताही स्वयंपाक कळतो.

वावड्याची आपल्या मातीतली दोन जुनी उदाहरणं आहेत. एक बिब्बा. धोबी कपड्यांवर खुणा करायचे त्या बिब्ब्याच्या चिकाने. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि मनगटावर विचित्र चट्टे उठायला लागले. कॉलरवर जिथे धोब्याची खूण, बरोबर तिथेच. बिब्बा घालणे हा वाक्प्रचार आपण उगाच नाही वापरत. दुसरं उदाहरण गाजर गवताचं. काँग्रेस गवत, चटकचांदणी, जे म्हणाल ते. १९५६ साली पुण्यातून त्याची नोंद झाली, आणि सत्तरच्या दशकापर्यंत पुणे परिसरात शेतकऱ्यांचे चेहरे, पापण्या, मान त्याने सोलून निघत होत्या. हात लावायचीही गरज नाही, वाळलेली भुकटी वाऱ्याने येते. आपल्या रिकाम्या प्लॉटांवर, गोदामांच्या कडेला पावसाळ्यात पांढऱ्या बारीक फुलांचं जे रान माजतं, ते तेच. ते हाताने उपटू नका. उपटायचंच असेल तर हातमोजे घाला, बाह्या खाली घ्या, आणि फुलं यायच्या आधी उपटा.

आणि कापड? कापडाचं गाव आहे, कापडाला सोडून कसं चालेल! पॉलिस्टरसारख्या कापडांना ज्या रंगांनी रंगवतात, त्यांतले काही गडद निळे रंग वावड्यासाठी बदनाम आहेत. चुरगळू नये म्हणून कापडावर जे रसायन चढवतात, त्यातूनही काहींना त्रास होतो. चट्टा कुठे येतो? काखेच्या कडेला, मांडीच्या आतून, कमरेला, जिथे कपडा घट्ट घासतो आणि घाम येतो. उपाय साधा: नवा कपडा एकदा धुवा, मग अंगात घाला. लग्नाचा असला तरी.

वावडं कशाचं, हे तर्काने सापडलं नाही तर पॅच टेस्ट असते. पाठीवर संशयित पदार्थांचे बारीक ठिपके चिकटवतात, दोन दिवस ठेवतात, काढून बघतात, पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. ही रक्ताची तपासणी नाही. ''ॲलर्जीची पूर्ण तपासणी'' म्हणून हजारो रुपयांचे रक्ताचे रिपोर्ट घेऊन जे येतात, त्यांच्या कागदांत हाताच्या इसबाचं उत्तर सहसा नसतं.

लूमवाल्यांचा एक इसब राहिला. तो पायाचा. बारा-बारा तास उभं राहून पायाच्या शिरा फुगतात, रक्त वर चढत नाही, घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी तपकिरी पडते, खाजते, पाझरते. माणूस त्यावर मलम चोळत राहतो. दोष वरच्या कातडीत नाही, आतल्या शिरेत आहे. पाळी संपल्यावर पाय उशीवर उंच ठेवणं, आणि डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावर घट्ट मोजे, हे तिथलं अर्धं औषध. त्या जागी जखम झाली तर महिनोन्‌महिने भरत नाही, म्हणून आधीच जपायचं.

तिसरी गोष्ट. काय म्हणजे इसब नव्हे?

हा प्रश्न मोलाचा आहे, कारण ओळख चुकली तर औषध उलटं पडतं. नायटा, म्हणजे गजकर्ण, ही बुरशी. तिची कड उठलेली, गोल पसरत जाणारी, मधला भाग निवळलेला. जांघेत, कमरेला, नितंबांवर. खरूज हा किड्याचा आजार. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, बेंबीभोवती पुरळ, आणि घरातल्या एकट्याला नाही, सगळ्यांना. इथे खोल्या पाळीपाळीने वापरल्या जातात. दिवसपाळीवाला उठला की त्याच वळकटीवर रातपाळीवाला झोपतो. जेवायला बिस्सी, म्हणजे खानावळ, एकच. अशा ठिकाणी एकाने औषध लावून काय होणार? खोलीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावावं लागतं आणि कपडे-पांघरुणं उकळत्या पाण्यातून काढावी लागतात. नायटा आणि खरूज लागतात. इसब लागत नाही. पुन्हा सांगतो, कारण लग्नं याच्यावर मोडतात: इसब लागत नाही. एका ताटात जेवून नाही, एका बाकावर बसून नाही, हात हातात घेऊन नाही.

आणि एक चट्टा असा की जो खाजत नाही, दुखत नाही, टोचलं तरी कळत नाही. तो दिसला तर मलमाच्या दुकानात जाऊ नका, सरळ सरकारी आरोग्य केंद्रात जा. तो कुष्ठरोग असू शकतो, आणि त्याचं औषध तिथे फुकट मिळतं, पूर्ण बरा होतो. ज्याला खाज येते त्याची जाणीव शाबूत आहे. खाजेचं एवढं एक कौतुक आज करू या.

आता मलमाच्या दुकानाचा विषय निघालाच आहे.

माणसाला खाज येते. तो नाक्यावर जातो, म्हणतो, ''खाजेचं काहीतरी द्या.'' हातात एक ट्यूब येते. तिच्यात तीन-चार औषधं एकत्र: एक जंतूचं, एक बुरशीचं, आणि एक जबरदस्त स्टेरॉइड. आजार काहीही असो, एखादं तरी लागू पडेल, असा हिशोब. लावल्यावर दोन दिवसांत खाज गायब. माणूस खूश. मित्राला देतो, मेहुण्याला देतो. पंधरा दिवसांनी खाज परत, आधीपेक्षा जोरात. पुन्हा तीच ट्यूब. नायट्यावर स्टेरॉइड म्हणजे बुरशीला खतपाणी. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर नायटा जो हटेनासा झाला, त्याला या ट्यूबांनी मोठा हातभार लावला. चेहऱ्यावर लावणाऱ्या मुली वेगळ्या. गोरेपणाचं क्रीम समजून लावतात, आणि सहा महिन्यांत लाल चेहरा, पुरळ, दाढीसारखी लव, उन्हात जळजळ. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातल्या बारा केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारीचे २९२६ रुग्ण तपासले, त्यांतले ४३३ जण तोंडाला स्टेरॉइड लावत होते. म्हणजे दर सातांत एक. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. कायदा झाला. पण ''खाजेचं काहीतरी द्या'' हे वाक्य कायद्याला ऐकू जात नाही.

म्हणजे स्टेरॉइड वाईट का? नाही हो! इथेच लोक दुसऱ्या टोकाला जातात. १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोनचं मलम पहिल्यांदा इसबावर चाललं, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या खाजवत आलेल्या माणसांना पहिल्यांदा झोप लागली. दूध उतू जातंय तर आधी गॅस बंद करायला हवा की नको? स्टेरॉइड म्हणजे गॅसचं बटण. बटण बंद करायचं असतं, रात्रभर त्याच्याशी खेळत बसायचं नसतं. कुठलं, किती कडक, किती दिवस, अंगाच्या कुठल्या भागावर, हे डॉक्टर सांगतील. तळव्याला चालेल ते पापणीला चालणार नाही. पापणीसाठी, थोड्या मोठ्या मुलाच्या मानेसाठी टॅक्रोलिमससारखी स्टेरॉइड नसलेली मलमंही आहेत. आणि अर्धं औषध लावून घाबरून सोडलं की आग विझत नाही, धुमसत राहते. स्टेरॉइडची भीती आणि स्टेरॉइडचं व्यसन, दोन्ही मला रोज भेटतात. कधी कधी एकाच घरात. एक मात्र ठाम: 'एका सुईत खाज गायब' म्हणणारा, कागदाच्या पुड्या देणारा जो कोणी असेल, त्याच्या पुडीतही बहुधा स्टेरॉइडच असतं, फक्त त्याचं नाव लिहिलेलं नसतं.

किती लावायचं, याचं माप तुमच्या बोटावरच आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत, म्हणजे पेरभर मलम. पेरभर मलम दोन पंज्यांएवढ्या जागेला पुरतं. एवढं लक्षात ठेवा: पेराला दोन पंजे.

आता चौथी गोष्ट. याच्याबरोबर राहायचं कसं?

इथल्या एका मागवाल्याची गोष्ट सांगतो. हाताला जुना इसब. आग विझवून दिली, आणि म्हटलं, आता रोज दोनदा साधं मलम, सुगंध नसलेलं, जाडसर. महिन्याने आले. म्हणाले, ''डॉक्टर, हे कोल्ड क्रीमसारखं किती दिवस लावायचं? बरं झालं की आता.'' मी विचारलं, ''तुम्ही सुताला खळ किती दिवस लावता?'' ते म्हणाले, ''किती दिवस म्हणजे? प्रत्येक बीमला.'' मग स्वतःशीच हसले आणि चिठ्ठी घेऊन गेले. त्या दिवसापासून मी 'मॉइश्चरायझर' हा शब्द भिवंडीत वापरत नाही. खळ म्हणतो.

खळीचे नियम तुम्हाला मी काय सांगावे! कातडीच्या खळीचा मात्र एक नियम सांगतो. आंघोळीनंतर अंग टिपून घ्या, घासू नका, आणि ओल असतानाच, दोन-तीन मिनिटांत लावा. कुठलं लावायचं? महाग असलंच पाहिजे असं नाही. पेट्रोलियम जेली चांगली. खोबरेल तेलही बाळाच्या कोरड्या कातडीला चांगलं चालतं, आपल्या कोकणात त्याला कधी तोटा नव्हता. मोहरीच्या तेलाने मात्र कातडी चिडते. वीस ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवणाऱ्याने खळ लावलीच नाही, दाखवली. लहान मुलाला आठवड्याला शंभर-दोनशे ग्रॅम लागतं. मोठा डबा घ्या, घरात सगळ्यांना दिसेल असा ठेवा.

आणि खळ उतरवणं? प्रोसेस हाउसला विचारा, कापडावरची खळ कशाने उतरवतात. गरम पाण्याने, रसायनाने. तुम्ही काय करता? कढत पाणी, फेसाळ साबण, वर खरखरीत घासणी. म्हणजे लूम चालू आहे आणि तुम्ही ताण्याची खळ उतरवताय! मग तार तुटली की डॉक्टरकडे. पाणी कोमट असावं, आंघोळ पाच-दहा मिनिटांत आटपावी, साबण काखेला, जांघेला, पायाला, बाकी अंगाला पाणीच पुरतं. जंतुनाशक द्रव पाण्यात ओतू नका. इसब हा घाणीचा आजार नाही, उलट जास्त धुण्याचा आजार आहे.

इथे वज्रेश्वरीचा विषय येणारच, कारण तो प्रत्येक रुग्ण काढतो. आपल्या तालुक्यात तानसाकाठी अकलोलीची, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आहेत. चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ साली, देवीचा नवस फेडला, तेव्हापासून आणि त्याआधीपासून लोक तिथे न्हायला येतात. ''गंधकाचं पाणी आहे, त्वचारोग जातो म्हणतात, जाऊ का?'' मी सांगतो, देवीला जरूर जा. गंधक खरजेवर चालतो, त्याची मलमंही होती. पण इसबाला गंधक आणि कढत पाणी म्हणजे दुप्पट कोरडेपणा. कुंडात उतरलात तर लवकर बाहेर या, साध्या पाण्याने अंग धुवा, आणि पिशवीत खळीचा डबा न्या. भक्ती आणि खळ यांचं काही वाकडं नाही.

हातांसाठी: भांडी घासताना हातमोजे, पण रबराच्या आत सुती मोजे, नाहीतर रबरात कोंडलेला घामच नवा इसब करतो. कामावरून सुटल्यावर हात रॉकेलने किंवा थिनरने पुसू नका, तेलाचा डाग खोबरेलाने सुटतो. बाळाची नखं कापलेली ठेवा. घाम आला की सदरा बदला. वैशाखात आणि ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात खाज वाढते ती घामाने, डिसेंबरात वाढते ती कोरड्या हवेने. एकाच कातडीची दोन ऋतूंत दोन गाऱ्हाणी.

पथ्य? हे मी हळू बोलतो, कारण प्रत्येक घरात एक वैद्य आहे. वांगं बंद, दही बंद, अंडं बंद, मग दूधही बंद. मूल वाळतं आणि इसब तसाच. काही मोजक्या लहान मुलांत अन्नाचं खरं वावडं असतं, खाल्ल्यावर थोड्या वेळात गांधी उठतात, उलटी होते. तिथे डॉक्टरांना विचारून ते एकच बंद करा. बाकी मुलाच्या ताटावर धाड घालू नका.

कधी थांबायचं नाही? इसबावर अचानक एकसारखे, दुखरे, खोल फोड उठले आणि ताप आला. पिवळी लस, सूज आली. अंगभर लाली पसरून थंडी वाजायला लागली. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही. आणि ज्यांचा इसब कशालाच दाद देत नाही, त्यांच्यासाठी गेल्या काही वर्षांत नवी औषधं आली आहेत, इंजेक्शनं आणि गोळ्या. महाग आहेत, तपासण्या लागतात, पण दार बंद नाही.

आता समारोप करतो. इसब म्हणजे खळ कमी असलेली कातडी आणि तिच्यात पेटलेली आग. आग चिडीने पेटते किंवा वावड्याने, कारण शोधा. नायटा, खरूज आणि इसब यांना एकच ट्यूब नाही. आग लागली की पेरभर औषध, सांगितलेले दिवस. आणि आग असो-नसो, खळ रोज. आणि एकदा पुन्हा: तो लागत नाही.

सरांनी खडूभोवती रुमाल गुंडाळला. त्या पिढीला दुसरा उपाय माहीत नव्हता, आणि सांगायची रीतही नव्हती. रात्रभर खाजवून झोप न झालेलं मूल वर्गात पेंगतं, आणि बाई त्याला आळशी म्हणतात. चट्टे लपवायला मुलगी मे महिन्यात पूर्ण बाह्या घालते, आणि घामाने चट्टे वाढतात. लपवल्याने इसब कमी होत नाही, वाढतो.

मी खाली उतरतोय. पाऊण तास आहे, प्रश्न विचारा. चिठ्ठ्या पाठवू नका, हात खिशातून काढून विचारा. मला आधी हातच बघायचे आहेत.